‘नावीन्य नाही’ म्हणून परत आलेल्या प्रस्तावाबद्दल : संशोधन निधी समितीस खुले पत्र

प्रति,
औषधनिर्माणशास्त्रातील संशोधन प्रस्तावांची छाननी करणाऱ्या निधी समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी कुणालाही मी ओळखत नाही. ओळखत असते तरी इथे नावं लिहिली नसती, कारण माझं भांडण माणसांशी नाही, एका शेऱ्याशी आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आता स्वतः कॉलेजात शिकवतो. त्याने एका अस्थिरोग सर्जनच्या साथीने आपल्याकडे प्रस्ताव पाठवला होता, आणि सल्लागार म्हणून माझंही नाव त्यात होतं. विषय साधा होता. जेंटामायसिन हे जुनं, स्वस्त अँटिबायोटिक पीएलजीए नावाच्या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे मायक्रोस्फिअरमध्ये भरायचं. हाडातला पू साफ केल्यावर जी पोकळी उरते तिथे ही पूड ठेवायची, म्हणजे औषध तीन-चार आठवडे तिथल्या तिथे झिरपत राहील. प्रयोगशाळेतलं काम झालेलं होतं. पैसे मागितले होते ते पुढच्या टप्प्यासाठी : निर्जंतुक वातावरणात बॅच काढणं, ती टिकते का पाहणं, आणि प्राण्यांवरच्या सुरक्षिततेच्या चाचण्या.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. शेरा एकाच ओळीचा होता : नावीन्याचा अभाव.

मी सव्वीस वर्षं फार्मास्युटिक्स शिकवलं. नापासाचा शेरा कसा लिहावा हे मला थोडंफार कळतं. मुलाचं उत्तर चुकलं असेल तर कुठे चुकलं ते दाखवायचं, आणि प्रश्नच चुकला असेल तर ते आपण कबूल करायचं. इथे प्रश्न चुकलाय असं मला वाटतं. म्हणून हे पत्र आपल्याला पाठवतेय, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं ठेवतेय.

यात माझा स्वार्थ काय, ते आधीच सांगून टाकते. माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. २०१४ साली महामार्गावर कासेगावच्या अलीकडे त्याच्या मोटरसायकलला टेम्पोने धडक दिली. डाव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि जखमेत रस्त्याची माती होती. रॉड घातला, टाके पडले, घरी आला. तीन महिन्यांनी नडगीवर एक लहानसं छिद्र पडलं आणि त्यातून पू यायला लागला. छिद्र मिटायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा उघडायचं. गावाकडे म्हणतात, हाडाला लागलं की माणूस उठत नाही. तो उठला, पण त्यासाठी दोन वर्षं आणि तीन ऑपरेशनं गेली.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये रॉड काढला, मेलेलं हाड खरवडलं आणि पोकळीत सिमेंटचे मणी ठेवले. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सांधे बदलताना जे पीएमएमएचं सिमेंट वापरतात, त्याच्या चाळीस ग्रॅमच्या पाकिटात अँटिबायोटिकची पूड मिसळतात. मिश्रण घट्ट व्हायच्या आत सर्जन आणि सिस्टर मिळून हाताने त्याचे मणी वळतात आणि स्टीलच्या तारेत ओवतात. तारेचं टोक बाहेर ठेवतात किंवा कातडीखाली. हळदीकुंकवाला बसून वाती वळाव्यात तसं ते काम दिसतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी ऑपरेशन थिएटरांत आजही ते असंच चालतं. मी त्याला नावं ठेवत नाही. सर्जनच्या हातात दुसरं काही नसतं तेव्हा तो हेच करणार.

पण हे मणी विरघळत नाहीत. भरलेल्या औषधातलं बरंचसं सिमेंटमध्येच अडकून राहतं. जे बाहेर येतं त्यातलं बहुतेक पहिल्या काही दिवसांत येतं. मग ते मणी म्हणजे शरीरातली एक परकी वस्तू होतात, आणि ज्या जंतूंना मारायला ते ठेवले त्यांनाच पुढे घर करायला तो पृष्ठभाग मिळतो. म्हणून ते काढावे लागतात. माझ्या भावाचं तिसरं ऑपरेशन त्यासाठीच झालं. तार ओढताना तुटली आणि एक मणी आतच राहिला. एक्स-रेमध्ये तो अजून दिसतो, वाटाण्याएवढा. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता, त्या वस्तूचा स्वभावच तो.

मण्यांबरोबर शिरेतून इंजेक्शनं चालूच होती, त्यात तीन आठवडे अमिकासिन. मेलेल्या हाडापर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून रक्तातून औषध पाठवायचं तर ते साऱ्या अंगभर पाठवावं लागतं आणि त्यातलं थोडंसं जागेवर पोचेल अशी आशा करावी लागते. अमिनोग्लायकोसाइड जातीची औषधं मूत्रपिंडाला आणि कानाला बाधतात हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होते. भावाचं क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलं, नंतर ते खाली आलं. कान मात्र गेला तो गेलाच. बोलणं ऐकू येतं, पण वरच्या पट्टीचे आवाज येत नाहीत. घरी आल्यावर एका रात्री अंगणात बसला असताना तो मला म्हणाला, “ताई, यंदा रातकिडे नाहीत का गं?” रातकिडे होते. कान किटतील इतके होते.

त्याला मायक्रोस्फिअर समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. तो म्हणाला, “म्हणजे आत्तापर्यंत मला पाटपाणी देत होते, आणि तू ठिबकचं म्हणतेयस.” सव्वीस वर्षांच्या माझ्या नोट्समध्ये इतकं नेमकं वाक्य नव्हतं. पाटाने पाणी सोडलं की साऱ्या रानाला मिळतं, तणालाही मिळतं, आणि वेलाच्या मुळाशी पोचतं ते थोडंच. द्राक्षवाल्याला हे कळतं.

ही ठिबक कशी बनते तेही थोडक्यात सांगते, कारण आपल्या शेऱ्याचं उत्तर त्यातच आहे. पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची साखळी. सर्जन वापरतात त्या विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा याच कुळातला. पाणी लागलं की साखळी तुटत जाते, शेवटी ती दोन आम्लं उरतात आणि शरीर त्यांचा नेहमीच्या वाटेने निकाल लावतं. दोन्ही घटक निम्मे-निम्मे घेतले तर एक-दोन महिन्यांत गोळी संपते, लॅक्टिकचं प्रमाण वाढवलं की जास्त टिकते. पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचं, औषधाचं पाण्यातलं द्रावण त्यात घुसळायचं, आणि हे सगळं पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यात ओतून तीन-चार तास ढवळत ठेवायचं. द्रावक उडून जातो, थेंबांचे गोळे होतात, ते धुवायचे आणि गोठवून वाळवायचे. हाती येते ती तांदळाच्या पिठीसारखी पांढरी पूड. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला एकेक कण गुळगुळीत चेंडूसारखा दिसतो, केसाच्या जाडीहून लहान.

वाचायला सोपं आहे. करायला बसलात की जेंटामायसिन आपला स्वभाव दाखवतं. त्याला पाण्याची इतकी ओढ की ढवळतानाच ते बाहेरच्या पाण्यात पळून जातं आणि गोळीत थोडंच उरतं. ते मोजायला जावं तर अतिनील प्रकाशात त्याचा रेणू नीट दिसत नाही, त्याला आधी दुसऱ्या रसायनाशी जोडून घ्यावं लागतं. उरलेलं औषध पृष्ठभागाशी गोळा झालं तर पहिल्याच दिवशी एकदम सुटतं. आणि आमच्याकडे दर गुरुवारी लाइट जायची. ढवळणं थांबलं की दहा मिनिटांत सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून च्युइंगमसारखा गोळा तयार. एका मुलीची दोन महिन्यांची उमेद अशा एका गोळ्यात गेली. तिने तो बाटलीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलं, “मॅडम, याचा रिलीज किती दिवसांचा?” (रिलीज म्हणजे गोळीतून औषध सुटत राहणं.) मी निवृत्त होईपर्यंत ती बाटली टेबलावर होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ‘नावीन्य’ या शब्दाबद्दल. विज्ञान म्हणून मायक्रोस्फिअर जुने आहेत हे मला मान्यच आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीचं ल्युप्रॉन डेपो हे महिन्यातून एकदा टोचायचं मायक्रोस्फिअरचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ साली मंजूर झालं. दारूच्या व्यसनावरचं व्हिव्हिट्रॉल २००६ साली. अँटिबायोटिकसुद्धा या वाटेने एकदा गेलंय : २००१ साली मंजूर झालेल्या अ‍ॅरेस्टिनमध्ये एक मिलिग्रॅम मिनोसायक्लिन भरलेले मायक्रोस्फिअर असतात आणि दंतवैद्य ते हिरडीच्या खिशात सोडतात. हिरडीच्या खिशासाठी औषध आहे. नडगीच्या पोकळीसाठी नाही. प्रयोगशाळांत सशांवर आणि उंदरांवर झालेल्या कामाचे ढीग आहेत, पण माझ्या भावासारख्या रुग्णासाठी औषधाच्या दुकानात मागता येईल अशी कुपी नाही. मग ‘हे आधीच झालंय’ असं आपण म्हणता तेव्हा नेमकं काय झालंय? लेख छापून झालेत, औषध व्हायचं बाकी आहे.

आणि यात एक गंमत आहे, कडू आहे पण गंमतच. आपल्याच देशाचे ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ उघडून पाहा. त्यात ‘नवीन औषध’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. मंजूर औषधाचं हळूहळू सुटणारं रूप किंवा औषध पोचवण्याची नवी पद्धत ही त्या व्याख्येत बसते, इतकंच नाही तर अशी औषधं कायमच नवीन मानली जातील असंही तिथे म्हटलंय. इतर औषधांचं नवेपण काही वर्षांनी सरतं, यांचं सरत नाही. म्हणजे आमच्या कुपीला परवानगी मागायला गेलो की कायदा म्हणणार हे नवीन आहे, सगळ्या चाचण्या करा. आणि त्या चाचण्यांसाठी पैसे मागायला आपल्याकडे आलो की आपण म्हणणार हे जुनं आहे. एकाच पुडीला दोन खिडक्यांवर दोन वयं.

दुसरी तक्रार आमच्या स्वतःच्या घरातली आहे, आणि मी त्यात सामील होते. आपल्या निकषांमुळे आम्ही मुलांना काय शिकवलं ते सांगते. पॉलिमर बदल, नवा लेख. औषध बदल, नवा लेख. कायटोसानचा थर दे, अजून एक. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखाली मायक्रोस्फिअरवरचे बरेच प्रबंध झाले. काचेच्या कपाटात सोनेरी अक्षरांचे ते काळे बाड अजून उभे आहेत. त्यातला एकही निर्जंतुक खोलीपर्यंत गेला नाही, कारण त्या वाटेवर ‘नवीन’ काही नव्हतं, नुसतं कष्टाचं आणि खर्चाचं काम होतं. फसलेल्या बॅचचे आकडे तर प्रबंधात येतच नाहीत. मग दुसऱ्या कॉलेजातलं पोर तोच ढवळण्याचा वेग लावून तीच बॅच पुन्हा फसवतं. मी ते थांबवू शकले असते का? थोडंफार, हो. मुलांना पदवी हवी होती आणि मला त्यांची पदवी हवी होती.

हे फक्त आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजांचं नाही. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत खुल्लर यांच्या गटाने क्षयाची औषधं याच पीएलजीएच्या कणांत भरून प्राण्यांमध्ये फार आश्वासक काम केलं, याला दोन दशकं उलटली. लखनौच्या सीडीआरआय या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत क्षयाची औषधं पॉलिमरच्या कणांत भरून श्वासावाटे फुप्फुसात पोचवायच्या पुडीवर वर्षानुवर्षं काम झालं. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशातला रुग्ण आजही महिनोन्‌महिने रोज गोळ्याच गिळतोय. देशातल्या उत्तम संस्थांचं जिथे अडतं, तिथे आमच्यासारख्यांना ‘आणखी नवं काहीतरी आणा’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

तिसरी गोष्ट निर्जंतुकीकरणाची. हा मुद्दा प्रस्तावात दोन पानं होता. तो कुणी वाचला का, अशी शंका मला येते, कारण शेऱ्यात त्याचा उल्लेखही नाही. हाडाच्या पोकळीत ठेवायची पूड शंभर टक्के निर्जंतुक हवी. इंजेक्शनं आपण १२१ अंशांवर वाफवतो. पीएलजीए पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या आसपासच मऊ पडतं, वाफवलं तर त्याचा लगदा होईल. बारीक गाळणीतून गाळावं, तर जंतू अडवणारी गाळणी ०.२२ मायक्रॉनची आणि आमचा कण चाळीसचा. औषधच गाळणीवर राहील. गॅमा किरण द्यावेत, तर ते पॉलिमरच्या साखळ्या तोडतात, आणि महिनाभर टिकणारी गोळी किती दिवसांत संपेल याचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. म्हणजे खात्रीची वाट एकच : पहिल्या थेंबापासून शेवटच्या कुपीपर्यंत सगळं काम निर्जंतुक खोलीत करायचं. शिवाय डायक्लोरोमिथेनचा अंश दर दहा लाख भागांत सहाशेच्या खाली आणायचा, तोही औषध न गमावता. हे बीकरमधलं काम नव्हे. याला खोली लागते, हवा गाळणारी यंत्रणा लागते, माणसं लागतात. कुठलंही कॉलेज हे एकट्याने उभारू शकत नाही. प्रस्तावातला सगळ्यात मोठा खर्च हाच होता, आणि माझ्या मते खरं विज्ञानही इथेच आहे. वैद्यकीय दर्जाचं पीएलजीए आम्ही बाहेरून मागवतो. एका ग्रॅमला हजारोंनी रुपये मोजावे लागतात, आणि पार्सल कस्टममध्ये उन्हाळ्यात पडून राहिलं तर ओल आणि उष्णता लागून निम्मी साखळी तिथेच तुटते.

कंपन्या का करत नाहीत, असं आपण विचाराल. ऑपरेशनच्या वेळी एकदाच लागणारं औषध, तेही पेटंट संपलेलं. ते वापरणार कोण, तर अपघातात सापडलेला टेम्पोवाला किंवा शेतमजूर. त्यात कुणाला फार पैसे दिसत नाहीत. सार्वजनिक पैसा म्हणून जो काही असतो तो अशाच ठिकाणी लागावा, नाही का?

आता आपल्या बाजूनेही बोलते, कारण हे औषध म्हणजे जादू आहे असं मला कुणाच्या गळी उतरवायचं नाही. हाडांच्या संसर्गात गोळ्या चालतात की शिरेतूनच औषध द्यावं लागतं, याची ओव्हिवा नावाची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली. १,०५४ रुग्णांवरचा तिचा निकाल २०१९ साली आला : पहिल्या सहा आठवड्यांत तोंडाने दिलेली अँटिबायोटिक्स शिरेतल्या औषधांच्या तोडीस उतरली. उद्या एखादा सदस्य म्हणेल, मग तुमची पूड कशाला? प्रश्न रास्त आहे. गोळीने सुईचा आणि दवाखान्यातल्या खाटेचा त्रास वाचतो हे मोठंच आहे, पण गोळीही रक्तातूनच जाते आणि खरवडलेल्या पोकळीत रक्त तितकंच पोचतं जितकं आधी पोचत होतं. दोन्हींची सांगड घालावी लागेल असं मला वाटतं. पण ‘मला वाटतं’ याला किंमत नाही. चाचणी हवी.

दुसरं, जागेवर औषध ठेवलं म्हणजे भलंच होतं असंही नाही. जेंटामायसिन भरलेल्या कोलॅजेनच्या स्पंजची आतड्याच्या शस्त्रक्रियेत चाचणी झाली, तिचा निकाल २०१० साली आला. स्पंज ठेवलेल्या रुग्णांत जखमेचा संसर्ग उलट जास्त निघाला. त्या स्पंजमधून औषध फार लवकर सुटून जातं, हे त्याचं एक कारण सांगितलं गेलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा निकाल मुद्दाम वाचायला लावायचे.

आणि तिसरं, जे मला स्वतःला सगळ्यात जास्त सतावतं, ते शेपटीचं, म्हणजे औषध संपत येतानाच्या टप्प्याचं. संप्रेरकाच्या किंवा वेदनाशामकाच्या गोळीतून शेवटी शेवटी थोडं थोडं औषध सुटत राहिलं तर फारसं बिघडत नाही. अँटिबायोटिकचं तसं नाही. जंतू मरणार नाही पण सवय होईल, इतकं कमी औषध आठवडेच्या आठवडे झिरपत राहिलं, तर आपण प्रतिकारक जंतूंची रोपवाटिकाच लावली. म्हणून आमच्या प्रस्तावातला आलेख सरळ रेषेचा नव्हता. सुरुवातीला जोराचा पहिला हप्ता, मग तीन आठवडे जंतूला पुरून उरेल इतकी पातळी, आणि मग एकदम शेवट. असा शेवट साधायला दोन वेगळ्या लांबीच्या साखळ्यांचं मिश्रण करावं लागलं आणि त्यात माझ्या विद्यार्थ्याची तीन वर्षं गेली. नवीन काय आहे, असं आपण फोन करून विचारलं असतं तर त्याने हे सांगितलं असतं. फोन आला नाही, सादरीकरणालाही बोलावलं नाही. ही चौथी तक्रार. लहान आहे, पण मनाला लागणारी आहे.

आमच्या मागण्या अशा.

हा एकच प्रस्ताव मंजूर करा, अशी मागणी नाही. तो पुन्हा तपासून नाकारायचाच असेल तर नाकारा, पण कारणं लिहून द्या : प्राण्यांच्या चाचणीचा आराखडा कच्चा आहे, की खर्च अवास्तव आहे, की हे औषध गरजेचंच नाही असं आपलं मत आहे. त्यातल्या कुठल्याही कारणाशी आम्ही वाद घालू शकतो किंवा त्यातून शिकू शकतो. ‘नावीन्याचा अभाव’ या शेऱ्याशी काहीच करता येत नाही.

प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट रुग्णापर्यंत नेण्याच्या कामासाठी वेगळा निधी ठेवा आणि त्याला वेगळे परीक्षक नेमा. त्या छाननीत औषधनिर्माण कारखान्यात काम केलेला माणूस असावा, एक सर्जन असावा, आणि जमलं तर या आजारातून गेलेला एखादा रुग्णही. माझा भाऊ येईल. येताना द्राक्षाची पेटी आणेल, तेवढी लाच समजू नये.

निर्जंतुक मायक्रोस्फिअर बनवायची एक सामायिक सोय देशात कुठेतरी उभी करा, जिथे कुठल्याही कॉलेजला ठरावीक शुल्क भरून बॅच काढता येईल. जागा शोधायला फार लांब जायला नको. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली, ती परदेशातून महाग पडणारं पेनिसिलिन आपल्या माणसाला परवडावं म्हणून. पेनिसिलिनसुद्धा तेव्हा ‘नवीन’ नव्हतं. त्याच पिंपरीत तिरुमलाचार यांच्या गटाने हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. म्हणजे आधी जुनं नीट बनवायला शिकलो, आणि मग नवं सापडलं. तिथेच करा असा माझा हट्ट नाही, पण सार्वजनिक पैशाने उभं केलेलं असं काही आपल्याला जमलेलं आहे, एवढं लक्षात असावं. त्याच्याच जोडीला वैद्यकीय दर्जाचं पीएलजीए इथे बनवण्यासाठी पॉलिमर रसायनशास्त्रातल्या संस्थांना आणि कारखान्यांना बोलवा. टाक्यांचे धागे ज्यांना कळतात त्यांना हे अगदीच परकं नाही.

औषध नियामकांशी पहिल्याच वर्षी बसून बोलायची सोय निधीबरोबरच द्या. कुठला प्राणी, किती दिवस, रिलीजची चाचणी कुठल्या पद्धतीने, हे आधी ठरलं तर तीन वर्षांनी ‘पुन्हा करा’ ऐकावं लागणार नाही.

आणि फसलेल्या बॅचच्या नोंदी जमा करणं प्रत्येक निधीला बंधनकारक करा. माझ्याकडची सगळी बाडं आणि त्या मुलीची बाटली मी द्यायला तयार आहे.

उत्तर पोस्टाने पाठवलंत तरी चालेल, ईमेलने पाठवलंत तरी चालेल. फक्त ओळी एकाहून जास्त असाव्यात.

प्रस्ताव आम्ही येत्या फेरीत पुन्हा पाठवतोय. मजकूर तोच आहे, शेपटीच्या आलेखाचं पान मात्र पुढे आणलंय. आपल्या नमुन्यात ‘या कामात नवीन काय?’ असा रकाना आहे. मागच्या वेळी माझ्या विद्यार्थ्याने तिथे घाबरत दीड पान लिहिलं होतं. या वेळी २०१९ च्या नियमांतली ‘नवीन औषध’ची व्याख्या जशीच्या तशी उतरवली आहे, आणि खाली भावाच्या नडगीचा एक्स-रे जोडला आहे. वाटाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो, तो मणी.

आपली विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
तासगाव, जि. सांगली